पळसाच्या फांद्या कोणी नेल्या?

१

अपेक्षाच्या फांद्या गेल्याचं मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कळलं. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. दारावर थापा पडल्या.

"काकाजी, उठा ना! माझं सगळं नेलं कोणीतरी."

अपेक्षा भोयर माझ्या वरच्या मजल्यावर राहते. भोयर मंडळी माझे भाडेकरू. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी वसंत हिवसे. वीज खात्यात होतो, वीजचोरी पकडणाऱ्या पथकात. त्यामुळे नागपुरातल्या आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत कोणाची चप्पल हरवली तरी लोक मला विचारतात. पूर्वी मी जात असे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझी बायको यमुना डेंग्यूने गेली, तेव्हापासून कोणाला काही विचारावंसं वाटत नाही. पण पोरगी रडत होती. मी शर्ट घातला आणि वर गेलो.

भोयरांच्या दाराबाहेर जिन्याच्या माथ्यावर थोडी मोकळी जागा आहे. तिथे महिनाभर एक मच्छरदाणी टांगलेली असायची आणि तिच्या आत पाण्याच्या बाटल्यांत पळसाच्या फांद्या उभ्या असायच्या. आज फांद्या नव्हत्या. मच्छरदाणी नीट घडी करून कठड्यावर ठेवलेली होती. बाटल्या रिकाम्या करून भिंतीशी ओळीने पालथ्या घातल्या होत्या.

दाराच्या चौकटीला मात्र पळसाची एक डहाळी टेकवलेली होती. तो भोयरांचा मेढा. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दारोदारी पळसाचा मेढा ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातला पुरुष किंवा पोरगा तो उचलतो, 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतो. त्याच्याबरोबर घरातले ढेकूण, मोंगसे म्हणजे डास, रोगराई, इडापिडा जावी, असा हेतू.

"रडणं थांबव अन् पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "होतं काय त्या फांद्यांत?"

"पळसाच्या पानाची गुंडाळी करून आत एक अळी राहते, काकाजी. बाहेर येते तेव्हा तिचा पतंग झालेला असतो. पण एक बारीक माशी असते, मुंगीएवढी. ती अळीच्या अंगात अंडी घालते. मग त्या गुंडाळीतून पतंग नाही, माशी बाहेर पडते. मला पाहायचं होतं की रामटेकच्या टेकडीवरच्या पळसात माश्या जास्त निघतात का आपल्या रस्त्यावरच्या पळसात. रामटेकच्या गुंडाळ्यांना मी लाल दोरा बांधला होता, इथल्यांना पांढरा."

"हे सरांनी सांगितलं करायला?"

"नाही ना! हा माझा स्वतःचा प्रोजेक्ट आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी सरांनी दिलेले विषय घेतले. मीच म्हटलं, माझा प्रश्न मी शोधीन." तिने नाक पुसलं. "आतापर्यंत रामटेकच्या जेवढ्या गुंडाळ्या उघडल्या, सगळ्यांतून माशीच निघाली. सुमंत सर म्हणाले, इतकं सरळ उत्तर निसर्ग देत नाही. मी मनाने लिहिलं असं त्यांना वाटते. म्हणून उद्या कॉलेज उघडलं की उरलेल्या सगळ्या फांद्या घेऊन ये म्हणाले. त्यांच्यासमोर गुंडाळ्या उघडायच्या."

"आणि नाही नेल्या तर?"

"प्रोजेक्ट रद्द. अन् विभागाला लिहून देतील की अपेक्षा भोयरने खोटे आकडे दिले." ती पालथ्या बाटल्यांकडे पाहू लागली. "ते म्हणतील, मीच फेकल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं."

२

मीटरमध्ये हात घालणारा माणूस घाईत असतो. तो झाकण पुन्हा नीट लावत नाही. पळसाच्या फांद्या पळवणारा माणूस मच्छरदाणीची घडी कशाला करेल?

मी भोयरांच्या घरात जाऊन बसलो. अपेक्षाचे वडील सुशील सकाळीच स्कूटर घेऊन इतवारीकडे मारबतीची, इडापिडा नेणाऱ्या त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला गेले होते. घरात तिची आई मिनल आणि आजी प्रयागबाई.

मिनलने चहा ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काकाजी, तुम्ही माझ्याकडं असं काहून पाहून राहिले?"

"पाहून नाही राहिलो. विचारून राहिलो. तुला त्या अळ्या आवडत नव्हत्या."

"किळस येते मले. म्हणूनच घरात नाही घेऊ दिल्या, बाहेर ठेव म्हटलं. पण टाकायच्या असत्या तर दिवसाढवळ्या टाकल्या असत्या, तिच्या तोंडासमोर. भांडाले मी भेते का?"

"नाही," मी म्हटलं. ती भीत नाही हे मला माहीत होतं. पाण्याच्या मोटरवरून ती माझ्याशीही भांडलेली आहे.

"तुमच्या घरचा मेढा अजून दारातच आहे?"

"ह्यांचं काम ते. हे पहाटेच पळाले मिरवणुकीले. इतवारीत गच्चीवर जागा धरायची असते ना! मेढा राहिला तसाच." मग तिने आवाज खाली केला. "अपेक्षाच्या कॉलेजातला तो पोट्टा, पियूष. काल दिवे लागायच्या टायमाले जिन्यात दिसला मले. मी खिडकीतून पाहिलं. बेल नाही वाजवली, काही नाही. वाकून काहीतरी करत होता अन् गेला."

अपेक्षा एकदम उभी राहिली. "पियूष? तो सरांच्या प्रोजेक्टवर आहे, डासांच्या अळ्यांच्या. सरांचा लाडका. त्याने नेल्या!"

"थांब वं," पलंगावरून प्रयागबाई म्हणाल्या. "पाहिल्याबिगर कोणाचं नाव घेऊ नये."

प्रयागबाई रामटेककडच्या. शेती बटाईने देऊन मागच्या पोळ्यानंतर मुलाकडे आल्या; इथला हा त्यांचा पहिलाच पोळा. यमुना आजारी असताना रोज संध्याकाळी त्यांच्या हातची पातळ खिचडी खाली यायची. आज त्यांच्या गुडघ्यांना तेलाची फडकी बांधलेली होती.

"तुम्ही काही पाहिलं का, मावशी?"

"मी काय पाहीन गा भाऊ? गुडघ्यानं जीव खाल्ला. नागपंचमीपासून जिना नाही उतरली मी." त्यांनी गुडघा चोळला. "तुमचं दूध तरी आलं का? चहा घेतल्याबिगर जाऊ नका. एकट्या माणसाचं काही खरं नसते. अन् या शहरात सणाचं बी काही खरं नाही पाहा. आमच्या गावी मेढा शिवेबाहेर जाय. इथं शीवच नाही. नाल्याकाठी नेऊन टाकतेत, अन् त्याच्यासंगं घरातले झाडू बी टाकतेत. झाडू लक्ष्मी असते. तिले कोणी मेढ्यासंगं टाकते का?"

"आजी, माझं वर्ष चाललं अन् तुला झाडू सुचते!" अपेक्षा म्हणाली.

प्रयागबाई पुन्हा गुडघा चोळू लागल्या. चहा गोड होता. यमुना गेल्यावर मी साखर सोडली होती, पण ते सांगायचं जिवावर आलं. कप रिकामा केला.

"पियूष आत्ता कुठे सापडेल?" मी विचारलं.

३

पियूषच्या मामाचं सदरला मोबाइलचं दुकान आहे. सुटीच्या दिवशी तो तिथे काउंटरवर बसतो. मी स्कूटर काढली. मिरवणुकीमुळे पोलिसांनी बरेच रस्ते वळवले होते. पोचेपर्यंत कंबर धरली.

उंच, बारीक पोरगा. मला पाहून आधी गिऱ्हाईक समजला.

"बोला काकाजी, स्क्रीनगार्ड?"

"अपेक्षा भोयरच्या घरी काल कशाला गेला होतास?"

त्याचा चेहरा उतरला. "मी? मी कुठं गेलो? काल दिवसभर इथंच होतो मी. मामाले विचारा."

मामा आत मोबाइल उघडून बसला होता. त्याने मान वर न करताच सांगितलं, "संध्याकाळी कुठं उलथला होता बे मंग?"

पियूषने मामाकडे रागाने पाहिलं. मी स्टूल ओढून बसलो. उभं राहवत नव्हतं. पथकात असताना मी एक शिकलो. माणूस खोटं बोलला की त्याला दुसरं खोटं बोलायला वेळ द्यायचा नाही, आणि ओरडायचंही नाही.

"तिच्या फांद्या गेल्या," मी म्हटलं. "सगळ्या. ती तुझं नाव घेते आहे. उद्या सरांसमोरही घेईल."

"गेल्या? कसम से काकाजी, मी हात नाही लावला!" तो खरोखर घाबरला. "मी फक्त फोटो काढला. सरांनीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाले, तिच्या घरी खरंच फांद्या आहेत का, का नुसतं कागदावर आहे, जाऊन गुपचूप पाहून ये. मले नव्हतं जायचं. वर्गातल्या पोरीच्या घरी चोरासारखं जाऊन पाहायचं म्हणजे काय! पण सरांना नाही कसं म्हणू? माझे मार्क त्यांच्याच हातात आहेत."

त्याने फोन पुढे केला. फोटो चांगला आला होता. मच्छरदाणीची एक बाजू उचललेली, आत फांद्या, फांद्यांवर गुंडाळलेली पानं, देठांना लाल आणि पांढरे दोरे. मागे दाराच्या चौकटीला मेढा.

"हा सरांना पाठवलास?"

"नाही अजून. पाठवणार होतो, मग मलेच कसंतरी वाटलं." तो काउंटरवरचं धूळफडकं चाळवत राहिला. "तिला सांगू नका ना, मी आलो होतो म्हणून."

"तिला माहीत आहे. फोटो ठेव जपून."

म्हणजे काल दिवेलागणीपर्यंत फांद्या होत्या. पियूष रिकाम्या हाताने गेला. तो खोटं बोलत होता ते चोरीसाठी नाही, लाजेपोटी.

परत येताना माझ्याजवळ काहीच नव्हतं. आमचं फाटक रस्त्याला लागून आहे आणि जिना फाटकासमोरच उतरतो. माझं दार मात्र तिकडे नाही. घराला वळसा घालून मागच्या अंगणात यावं लागतं. तसा वळसा घालून मी किल्ली काढली आणि खाली पाहिलं.

उंबऱ्याशी, पायपुसण्याला चिकटून, पळसाचं एक गुंडाळलेलं पान पडलं होतं. सकाळी घाईत मी बहुतेक त्याच्यावरूनच गेलो होतो.

देठाला लाल दोरा होता.

४

मी ते पान हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसलो. आत गेलो असतो तर आडवा झालो असतो.

अपेक्षाने जिन्यावरून मला येताना पाहिलं होतं. धावत आली. पान पाहिलं आणि दोन्ही हातांत घेतलं, पाखरू धरावं तसं.

"हे इथं कसं?"

"तेच पाहतो आहे. पियूषने नाही नेल्या. त्याच्याजवळ फोटो आहे, फक्त फोटो." सरांनी त्याला पाठवलं होतं, तेही सांगितलं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिने ओठ दाबले.

"आता विचार कर," मी म्हटलं. "आज मारबत. आज गल्लीतला सगळा पळस घराबाहेर जातो आणि एकाच जागी पडतो."

"नाल्याकाठी. पण काकाजी, मेढा समजून कोणी नेल्या असत्या, तर आमचा मेढा आधी नेला असता. तो तर दारात आहे."

पोरगी हुशार आहे. मलाही तेच खटकत होतं. चुकून नेल्या नव्हत्या. मेढा सोडून, अळ्यांच्या फांद्याच मुद्दाम नेल्या होत्या.

"तरी जाऊन पाहू," मी म्हटलं.

नाला पुढच्या गल्लीच्या टोकाला आहे. मधे नवीन अपार्टमेंट उभं राहिल्यापासून आमच्या घरातून तो दिसत नाही, गच्चीवरूनही नाही. काठच्या मोकळ्या प्लॉटवर मेढ्यांचा ढीग पडला होता. आठ-दहा शेळ्या त्यात तोंड घालून उभ्या होत्या.

अपेक्षा ओरडत धावली. शेळ्या हलल्या, पण लांब गेल्या नाहीत. ती गुडघ्यांवर बसून फांद्या उपसू लागली. मीही वाकलो. थोड्या वेळाने तिच्या हाती एक फांदी आली, लाल दोऱ्यांची. मग दुसरी. पुष्कळ फांद्यांची पानं शेळ्यांनी ओरबाडली होती, देठाशी नुसते दोरे लोंबत होते. काही गुंडाळ्या शाबूत होत्या.

"आहेत, काकाजी, आहेत काही!"

मी ढिगाच्या कडेला पाहत होतो. तिथे मेढ्यांबरोबर कोणीतरी झाडू टाकले होते. झिजलेले, खराट्याचे, एक प्लास्टिकचा. तीन-चार तरी असतील.

"अपेक्षा, आज सकाळपासून तुमच्या घरातून नाल्याकडे कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. बाबा इतवारीकडे गेले. आई अन् मी घरातच. काहून?"

"झाडूंचं तुला माहीत होतं?"

"कोणते झाडू?" तिने वर पाहिलं. मग तिचे हात थांबले.

नागपंचमीपासून जिना न उतरलेल्या बाईला नाल्याकाठचे झाडू कुठून दिसले?

५

अपेक्षाला मी माझ्या अंगणात बादलीत फांद्या ठेवायला लावलं आणि एकटाच वर गेलो. मिनल गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. प्रयागबाई पलंगावर होत्या तशाच.

"सापडल्या का?" त्यांनी विचारलं.

"सापडल्या. झाडूही दिसले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी खुर्ची ओढली. "मच्छरदाणीची घडी चोर करत नाही, मावशी. बाटल्या पालथ्या घालत नाही. ते घरातल्या बाईचं काम. मिनलने केलं असतं तर तिने बोंब मारून केलं असतं. आणि फांद्या घेऊन बाहेर जाणारा माणूस सरळ फाटकातून जातो. हा वळसा घालून माझ्या दारापर्यंत आला. तिथे एक गुंडाळी पडली. माझ्या दारात कोणाचं काय काम होतं?"

त्यांनी एका गुडघ्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाल्या, "पहाटे बसत बसत उतरली. एकेक पायरी."

"कशाला?"

"कशाला म्हणता? पोरीनं पोळ्याच्या दिवशी बी घरात कीड ठेवली. ज्या घरातून मोंगशानं बाई नेली, त्याच घरात! अळीतून माशी निघते म्हणे. मले झोप नाही लागली. काल मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं त तुमच्या दाराशी मेढा नाही."

"यमुनाचं वर्ष व्हायचं आहे. आमच्याकडे यंदा सण नाही."

"तो सण कुठं हाये गा? रोग घराबाहेर काढाले सुतक लागते का?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आमचा मेढा सुशील नेईन, मले वाटलं. तुमचा कोण नेईन? पोरगं नाही, पोरगी नाही. म्हटलं, कीड त कीड, तिच्यासंगं तुमच्या घरातलं बी जाऊ दे. तुमच्या दारावरून ओवाळल्या अन् नेऊन टाकल्या. जे काही राह्यलं असन आत, ते घेऊन जा गे मारबत, असं म्हटलं."

मी खाली पाहत राहिलो. फरशीवर पळसाचं काहीच नव्हतं. त्यांनी झाडून घेतलं असणार.

"पोरगी उठली अन् रडाले लागली, तवा समजलं मले का तिचं काय गेलं. मंग जीभ नाही उचलली. त्या पोट्ट्याचं नाव निघालं तरी नाही उचलली. ते पाप हाये." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "भाऊ, एक विचारू? तुमच्या घरातून भांड्याचा आवाज येत नाही. टीव्ही नाही, काही नाही. मले वाटे, अजून काही बसलं हाये आत. गेलं का ते?"

"माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

खोटं बोलायचीही ताकद नव्हती आणि ती बाई खोटं ऐकायला उतरली नव्हती.

"पोरीले बोलवा," त्या म्हणाल्या. "मीच सांगते."

अपेक्षाला बोलवावं लागलं नाही. ती दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि खाली माझ्या अंगणात जाऊन बादलीजवळ बसली.

"सर म्हणतील, या फांद्या आज नवीन तोडून आणल्या," ती मला म्हणाली. "दोरा कोणीही बांधू शकते. आजीने फेकल्या, हे कोण मानेल? मला तरी बहाणाच वाटला असता."

हे तिचं खरं होतं. चोर सापडला होता आणि पोरगी होती तिथेच होती.

६

दुसऱ्या दिवशी मी ऑटो बोलावला. बाहेर येऊन पाहतो तर प्रयागबाई आधीच आत बसलेल्या. नऊवारी नेसून, हातात पिशवी धरून. जिना कसा उतरल्या, मी विचारलं नाही.

"तू कशाला?" अपेक्षा म्हणाली. आदल्या दिवसापासूनचं ते तिचं आजीशी पहिलं बोलणं.

"तुझ्या मास्तराले काय माहीत मेढा काय असते ते?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनचा वास होता. सुमंत पाध्ये सर पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं, सुटीनंतरचा पहिला दिवस असूनही थकलेले. अपेक्षाने त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानेच, काही न गाळता. प्रयागबाई स्टुलावर बसून मधेमधे "हो, मीच," एवढंच म्हणत होत्या.

सरांनी ऐकून घेतलं. "हे बघ अपेक्षा, दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला आख्खा तक्ता बनावट दिला. मी त्यावर सही केली. तेव्हापासून मला चांगली गोष्ट ऐकली की भीती वाटते. आणि ही तर फारच चांगली गोष्ट आहे. आजी, मारबत, शेळ्या."

"सर," दारातून आवाज आला. पियूष होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. "सर, तुम्ही सांगितला होता तो फोटो. पोळ्याच्या संध्याकाळचा आहे."

अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. सरांच्या कपाळावर आठी आली. पोराला पाठवल्याचं सगळ्यांसमोर निघालं होतं. त्यांनी फोन घेतला, फोटो मोठा केला आणि बादलीतली एकेक फांदी त्याच्याशी ताडून पाहिली. एका फांदीला दोन फाटे होते आणि एक मोडका. फोटोत तशीच होती. दोऱ्यांच्या गाठीही तिथेच.

"फांद्या त्याच आहेत," ते म्हणाले. "पण माझी शंका फांद्यांची नव्हती. आकड्यांची होती. उघड."

अपेक्षाने चिमटा उचलला. लाल दोऱ्याची पहिली गुंडाळी उघडली. आत अळीचं वाळलेलं कातडं आणि त्याला चिकटलेले तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष. माशीचे. दुसरीतही तेच. तिसरीतही. सर टेबलावर वाकले. चौथी उघडली आणि तिचा हात थांबला.

आत तपकिरी, गुळगुळीत कोष होता. पतंगाचा. जिवंत. चिमटा लागताच हलला.

पुढच्यांतही एक तसाच निघाला. शेवटी आणखी एक.

अपेक्षाचा चेहरा पडला. "म्हणजे माझं चुकलं, सर. रामटेकला सगळ्या माश्याच असं नाही. मी आधी उघडल्या त्या योगायोगाने तशा निघाल्या. अन् शेळ्यांनी खाल्ल्या त्यांत काय होतं, ते आता कधीच नाही कळणार."

सर खुर्चीत मागे टेकले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"आकडे खोटे लिहिणारी मुलगी स्वतःच्या विरुद्धचा कोष माझ्या टेबलावर आणत नाही," ते म्हणाले. "तिने हे नाल्यातच राहू दिलं असतं. प्रोजेक्ट चालू राहील. दिवाळीनंतर पुन्हा गुंडाळ्या शोध, मिळतील तेवढ्या. आणि फांद्या का कमी पडल्या, ते अहवालात लिहायचं. जसं झालं तसं." मग जरा थांबून, "पियूषला मी पाठवायला नको होतं. तेवढं माझं चुकलं."

पियूष खिडकीतून बाहेर पाहत होता. जाताना अपेक्षा त्याच्याजवळ थांबली. "फोटो मला पण पाठव," ती म्हणाली. "अन् पुढच्या वेळी बेल वाजव. चहा मिळतो आमच्याकडं."

अहवाल हिवाळ्यात पूर्ण झाला. उत्तर काही ठाम निघालं नाही. रामटेकला माश्या जास्त असाव्यात, पण नक्की सांगता येत नाही, असं तिने लिहिलं. तोपर्यंत यमुनाचं वर्ष झालं होतं. अपेक्षा कधीकधी माझ्या अंगणात बसून लिहायची आणि प्रयागबाई तिच्यासोबत उन्हात गुडघे शेकत बसायच्या. दोघी पुन्हा बोलू लागल्या होत्या, बहुतेक भांडायला.

"माह्याबद्दल काय लिहिलं वं?" एक दिवस त्यांनी विचारलं.

अपेक्षाने इंग्रजी वाक्याचं मराठी करून सांगितलं. "घरातील एका व्यक्तीने रूढीनुसार काही फांद्या बाहेर टाकल्यामुळे त्या नष्ट झाल्या."

"एका व्यक्तीनं म्हणजे? उद्या कोणी वाचलं त म्हणन, त्या पियूषनंच टाकल्या. त्याच्या मागं एकदा लागलं तेवढं पुरे. माहं नाव टाक."

"आजी, असं नाव नसते टाकत. शास्त्रीय अहवाल आहे तो."

"शास्त्रात खरं लिहितेत का नाही?"

अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं.

"टाक," मी म्हटलं.

"अन् गावाचं बी लिही," प्रयागबाई म्हणाल्या. "प्रयागबाई लय हायेत."

तिने लिहिलं. सरांनी तो अहवाल तपासताना पानोपानी खाडाखोड केली, अर्धी वाक्यं बदलली. प्रयागबाई भोयर, तालुका रामटेक, या ओळीला त्यांनी हात लावला नाही.